कापणीचा दिवस आणि आजारी लेंकरूं

शास्त्रपाठ : २ राजे ४:१८–३७, १ शमुवेल ३०:२१–२५



शूनेम गांवच्या ज्या घराची हकीगत आजच्या पाठांत आहे तें घर गरीब नव्हतें. शेत होतें, गडी होते, दाराशीं गाढव होतें, आणि देवाच्या माणसासाठीं माडीवर एक खोली बांधण्याइतकी ऐपत होती. तरी चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांतील कोणत्याही झोपडीवर जो प्रसंग येतो तोच त्या घरावर आला. कापणीचे दिवस होते. लहान मुलगा बापाकडे शेतांत गेला आणि डोकें दुखतें म्हणून रडूं लागला. बाप कापणाऱ्यांमध्यें उभा होता. त्यानें एका गड्याला हाक मारली, मुलाला उचलून आईजवळ पोंचविण्यास सांगितलें, आणि आपण कापणींत राहिला. मुलगा दुपारपर्यंत आईच्या मांडीवर होता, आणि तेथेंच त्याचा प्राण गेला.

ह्या बापाला कठोर म्हणण्याची घाई मी करणार नाहीं. पिकलेलें पीक शेतांत उभें राहिलें तर दाणा गळतो, पाखरें खातात, आभाळ भरून येतें. त्याच पिकावर त्या लेंकराचें पोट होतें. परंतु पुढील वचनें नीट वाचा. दुपार टळल्यावर बायको त्याच्याकडे गाढव व गडी मागते, तेव्हां तो आश्चर्य करितो कीं आज अमावास्या सरल्याचा सण नाहीं, शब्बाथ नाहीं, मग देवाच्या माणसाकडे जाण्याचें कारण काय? सकाळीं ज्या मुलाला त्यानें घरीं पाठविलें त्याचें काय झालें हें विचारण्याचें त्याला सुचलेंच नाहीं. सणवार त्याला पाठ होते, कापणीचा हिशोब त्याच्या बोटांवर होता. मुलाला त्यानें आईच्या हवाली केलें, आणि त्याच्या मतें तें प्रकरण तेथें संपलें.

आतां आपल्याकडे पाहा. उन्हाळा तापूं लागला कीं तेंदूची फळी सुरू होते. हंगाम थोड्या आठवड्यांचा. पहाटे अंधार असतांना घर सोडावें, पान खुडावें, ऊन चढण्यापूर्वीं ओझें डोक्यावर घेऊन परतावें, दुपारभर ओसरींत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधावे, आणि संध्याकाळीं ते फळीवर मोजून द्यावे. आज खुडलेलें पान आजच बांधलें पाहिजे. तें वाळून वळलें कीं फळीवर कोणी घेत नाहीं. मजुरी शेंकड्यावर, जितके पुडे तितके पैसे. ह्या पैशांतून पुढें धानाचें बियाणें यावयाचें, सावकाराचें व्याज जावयाचें, पोरांचे कपडे व्हावयाचे. त्याआधीं मोहाचे दिवस असतात. फूल रात्रीं व पहाटे गळतें. वेळेवर वेचलें नाहीं तर गुरांच्या व रानजनावरांच्या तोंडीं जातें. आणि मृगानंतर रोवणी. तेव्हां एका बांधीचा चिखल दुसऱ्या बांधीची वाट पाहत नाहीं. कोणी टोपल्या विणते, कोणी मासळी विकते, कोणी शिवणयंत्र चालविते. सर्वांचें हातावर पोट.

शाळामास्तरास व कचेरींतील कारकुनास आजारीपणाची रजा आहे. पानें खुडणाऱ्या बाईस रजा कोण देणार? ती आपली आपण मालकीण, आणि आपली आपणच मोलकरीण. घरांत दीड-दोन वर्षांचें लेंकरूं तापानें फणफणलें म्हणजे तिची मालकीण म्हणते चल, आणि तिची आई म्हणते थांब. आणि हें भांडण पहाटे चार वाजतां, कंदील न लावतां, तिला एकटीलाच मिटवावें लागतें. पौल तंबू करून आपलें पोट भरीत असे, ह्याबद्दल आपण त्याचा गौरव करितों, आणि तो योग्य आहे. पण त्याच्या कडेवर खोकणारें लेंकरूं होतें असें शास्त्र कोठें सांगत नाहीं.

आणि हें एकदांच होत नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांत मूल वारंवार आजारी पडतें. खात्यापित्या, स्वच्छ घरांतील मुलालासुद्धां त्या वयांत वर्षाकाठीं सहा ते आठ वेळां सर्दीखोकला होतो, मग धुरानें भरलेल्या झोपडींतील मुलाची गोष्ट काय सांगावी? आईचें दूध हळूहळू सुटत असतें. मूल रांगतें, धांवतें, मातींत पडलेलें तोंडांत घालतें. पावसाळ्यांत पाणी गढूळ होतें. आणि आपल्या रानांत हिंवताप आहे, तोही जिवावर बेतणारा. ज्या बाईचें मूल महिन्यांत दोनदां आजारी पडतें तिला शेजारीण म्हणते, “तूं कामाला जातेस म्हणून असें होतें,” आणि कधीं कधीं आपल्याच मंडळींतील एखादा वडील मनुष्य म्हणतो कीं घरांत कांहीं पाप असेल. हें दुसरें बोलणें फार वाईट आहे. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न विचारला होता, आणि प्रभूनें तो विचारण्याची रीतच मोडून काढिली (योहान ९). तापलेल्या लेंकराच्या आईवर असा दगड टाकणाऱ्यानें निदान तिच्या घरीं एक हांडा पाणी तरी भरून द्यावें.

शूनेमकरणीकडे पुन्हां वळूं. तिनें मुलाला माडीवर निजविलें, दार लावलें, नवऱ्याला सर्व ठीक आहे असें सांगितलें. वाटेंत गेहजी पुढें आला व त्यानें तिची, नवऱ्याची व मुलाची खुशाली विचारली, तेव्हां त्यालाही तिनें तेंच उत्तर दिलें. हें खोटें बोलणें होतें काय, ह्यावर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. मला वाटतें, ज्याच्या हातून कांहीं होणार नाहीं त्याच्यापाशीं ती आपलें दुःख उघडें करूं इच्छीत नव्हती. आमचे उपदेशक बंधू घरोघर जातात आणि अंगणांतून विचारतात, “पोरगा कसा आहे?” आंतून उत्तर येतें, “बरा आहे जी.” तेवढ्यावर समाधान मानून पुढच्या घरीं जाऊं नका. ओसरींत बसा. लेंकराच्या छातीवरचें फडकें बाजूला करून पाहा.

छाती कां पाहावयाची, तें सांगतों. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. लहान मुलें कशानें मरतात ह्याचा शोध करितां त्यांना दिसलें कीं, ज्याला आपल्याकडे डबा म्हणतात तो, म्हणजे न्यूमोनिया, हा त्यांतील मोठा घातकी आहे, आणि दवाखाना दूर असल्यामुळें औषध मिळण्याआधींच मूल दगावतें. तेव्हां त्यांनीं गांवांतील शिकलेल्या तरुणांना व अक्षरशत्रु दायांनासुद्धां श्वास मोजावयास व औषध द्यावयास शिकविलें. ज्या दाईला शंभरपर्यंत मोजतां येत नाहीं तिनें पन्नास श्वास कसे मोजावे? त्यासाठीं एक मिनिटाची वाळूची घटका आणि मण्यांची ओळ असें साधें साधन केलें : दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावा, घटका संपण्यापूर्वीं लाल मणी आला तर रोग आहे असें समजावें. ह्या कामाचा अहवाल १९९० सालीं ‘लॅन्सेट’ नामक वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. न्यूमोनियानें होणारे बालमृत्यू ज्या गांवांत ही योजना होती तेथें इतर गांवांच्या मानानें निम्म्याहून कमी झाले होते. पुढें १९९९ सालीं त्याच पत्रांत नवजात बालकांविषयीं दुसरा अहवाल आला. एकोणचाळीस गांवांत घरीं जाऊन नवजात बालकांची काळजी घेतल्यानें त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटले होते. २०११ सालापासून आशाताईंनीं बाळंतिणीच्या घरीं जाण्याची जी पद्धत देशभर सुरू झाली तिचें मूळ आपल्या ह्या धानाच्या मुलखांत आहे. २०१८ सालापासून बाळ पंधरा महिन्यांचें होईपर्यंत दर तीन महिन्यांनीं घरीं येण्याचेंही ठरलें आहे. तुमच्या घरीं आशाताई आली नसेल तर तिला बोलावून आणा. तो तुमचा हक्क आहे.

मण्यांची ओळ तुमच्याजवळ नसेल, घड्याळ तर आहे. मूल शांत असतां, रडत किंवा पीत नसतां, पोटाकडे पाहत एक पूर्ण मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे साठ किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आंतील मुलाचे पन्नास किंवा अधिक, आणि एक वर्षापासून पांच वर्षांच्या आंतील मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर त्या दिवशीं पानें राहूं द्या. आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रांत जा. श्वास घेतांना बरगड्यांखालची छाती आंत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, प्यालेलें सर्व ओकत असेल, झटके येत असतील किंवा हाक मारून डोळे उघडीत नसेल, तर एक घटकाही दवडूं नका. १०८ क्रमांकाची गाडी मागवा. शूनेमकरणीनें गाढव मागविलें आणि गड्याला बजाविलें कीं माझ्यासाठीं चाल मंद करूं नको. ताप असेल तर आपल्या भागांत रक्त तपासल्यावांचून स्वस्थ बसूं नये. ती तपासणी गांवांतच आशाताई करिते. हगवण असेल तर क्षारसंजीवनीची एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत घालून घोट घोट पाजावी, झिंकच्या गोळ्या चवदा दिवस द्याव्या, आणि अन्न व अंगावरचें दूध तोडूं नये. बाजारच्या दिवशीं येणाऱ्या कोणा भोंदूची सुई टोचून घेऊन लगेच रानांत जाण्याची जी चाल पडली आहे, ती पैसे घेऊन दुखणें झांकून ठेवणारी आहे.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आयांवर नवें ओझें पडेल. नाक वाहतें आहे, थोडा खोकला आहे, पण मूल खातें, खेळतें, श्वास मोजल्यास नेमांत आहे, अंग तापलें नाहीं, तर जाणत्या माणसाच्या हवालीं करून कामावर जाण्यांत दोष नाहीं. दर सर्दीला घरीं बसणारी बाई हंगाम गमावील, आणि पावसाळ्यांत त्याच मुलाच्या वाडग्यांत पेज पातळ होईल. उपाशी मूल आणखी आजारी पडतें, आणि आजारी मूल आणखी रोडावतें. म्हणून दुखण्यांतून उठलेल्या मुलाला दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावें, असें डॉक्टर सांगतात. तें जेवण बहुधा पानांच्या पैशांतूनच येतें. परंतु मुलाला बरोबर रानांत नेऊं नये. झाडाला बांधलेली झोळी पूर्वीं चालत असे असें म्हाताऱ्या सांगतात. चंद्रपूरच्या रानांत १० मे २०२५ रोजीं सिंदेवाही तालुक्यांत तेंदू खुडण्यास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या, हें सर्वांना ठाऊक आहे. पन्नास पावलांवर खुडत असलेली आई झोळीचें रक्षण करूं शकत नाहीं. आणि तें ऊन तर वाघावांचूनही लेंकराला पुरे आहे.

मग मूल ठेवावें कोणाजवळ? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलें आहे : थोरल्या मुलीजवळ. ती आठ-दहा वर्षांची असते. मोहाच्या दिवसांत ती शाळा बुडविते, रोवणींत बुडविते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तिचें नांव पटावर राहिलें तरी ती शाळेंत राहत नाहीं. अंगणवाडी, जी १९७५ सालीं सुरू झाली, ती तीन वर्षांवरील मुलांना काहीं तास बसवून घेते. त्याहून लहानांना शिधा मिळतो, मांडी मिळत नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें काम आरंभिलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या डोंगरावर नेलें, तेव्हां वारली मुलांच्या बाबतींत त्यांना हीच अडचण दिसली. थोरली मुलगी शाळेंत येत नाहीं कारण धाकटें तिच्या कडेवर आहे. त्यांनीं थोरलीला रागें भरलें नाहीं. पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच जागीं आणिली, म्हणजे मुलगी धाकट्याला घेऊनच येईल. त्या दोघी बायकांनीं ही विकासवाडी जशी बांधिली तसा धडा आमच्या पुष्कळ शाळामंडळांना अजून घेतां आला नाहीं.

आतां बापांविषयीं. याईर सभास्थानाचा अधिकारी होता. मुलगी आजारी पडतांच तो स्वतः आला आणि लोकांच्या देखत पायां पडला. कफर्णहूमचा राजाचा अंमलदार मुलासाठीं स्वतः काना गांवापर्यंत गेला. शुभवर्तमानांत आजारी लेंकरासाठीं वाट तुडविणारे बाप पुष्कळ आहेत. आमच्या मंडळ्यांत थोडे कां असावे? पहाटे बाई जाते तेव्हां मूल सांभाळण्यास पुरुषाची अब्रू कमी होत नाहीं. पुडे बांधण्यास बसलेल्या पुरुषाच्या मांडीवर लेंकरूं झोंपलें तर पुडे वांकडे होत नाहींत. मोबाईलवर दोन घटका ज्या हातांत जातात त्या हातांना मिनिटभर श्वासही मोजतां येतील.

अलीशाचा प्रसंग पाळकांनीं व उपदेशकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. त्यानें प्रथम काय केलें? आपली काठी गेहजीच्या हातीं दिली आणि वाटेंत कोणाशीं रामराम न करितां धांवत जावयास सांगितलें. गेहजीनें काठी मुलाच्या तोंडावर ठेविली. ना आवाज, ना हालचाल. परंतु आईला काठीवर भरंवसा नव्हता. तिनें अलीशाला सोडिलें नाहीं, म्हणून त्याला उठावें लागलें. तो आला, दार लावून प्रार्थना केली, आणि मग आपलें तोंड मुलाच्या तोंडाशीं, आपले डोळे त्याच्या डोळ्यांशीं, आपले हात त्याच्या हातांवर ठेवून पसरला, तोंपर्यंत कीं अंगाला ऊब आली. एवढ्यानें झालें नाहीं. तो उठला, घरांत इकडून तिकडे फिरला, पुन्हां गेला. आम्ही निरोप पाठवितों कीं मंडळी तुमच्यासाठीं प्रार्थना करीत आहे. प्रार्थना काठी नव्हे. पण निरोपानें पाठविलेली, ज्याच्या मागोमाग कोणी येत नाहीं अशी प्रार्थना काठीसारखी होऊन बसते. तुमच्यापैकीं कोणी लेंकरांच्या तापांत दोन घटका बसला, आईला अंघोळीपुरता वेळ दिला, तिच्या ओसरीवर पन्नास पुडे बांधून दिले, तर त्या घरीं तुम्ही पोंचलां.

आणि हिश्शाचा प्रश्न. दावीदाचे चारशे लोक अमालेक्यांच्या पाठीस लागले. दोनशे इतके थकले होते कीं ते बसोर ओढ्याजवळ सामानापाशीं राहिले. लूट घेऊन परत आल्यावर कित्येक म्हणाले, ह्यांनीं लढाई केली नाहीं, ह्यांना आपापल्या बायकामुलांपलीकडे कांहीं देऊं नका. दावीदानें तें मानलें नाहीं. सामान राखणाऱ्याला व लढाईस जाणाऱ्याला सारखा वांटा मिळावा असा त्यानें नियमच घालून दिला. आतां पाहा, एका टोल्यांत पांच घरच्या पांच बायका पानाला जातात आणि सहावी त्यांचीं सात लेंकरें सांभाळते. तिनें किती पुडे दिले? शून्य. फळीच्या वहींत तिचें नांवही नाहीं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यांत अशी तरतूद घातली होती कीं कामावर बायकांबरोबर सहा वर्षांखालचीं पांच किंवा अधिक मुलें असलीं तर त्यांच्यांतील एकीला मुलें सांभाळावयास नेमावें, आणि तिलाही रोज मिळावा. तेंदूच्या कामाला तो कायदा लागूं नव्हता, कारण तेथें बाई कोणाची नोकर नसते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आपल्या जिल्ह्यांत कित्येक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करूं लागल्या आहेत. जी ग्रामसभा ठेकेदाराशीं दर ठरविते तिला सहाव्या बाईचा वांटा ठरविण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. पांचजणींनीं आपल्या शेंकड्यांतून थोडे थोडे पुडे तिच्या नांवें लिहिले तरी तिचा दिवस भरतो. हें दान नव्हे. दावीदानें त्याला वांटा म्हटलें.

फळी सुरू होण्यास दिवस असतांनाच हें ठरविलें पाहिजे. सुरू झाल्यावर कोणाला बोलण्यास श्वास नसतो. प्रत्येक मंडळीच्या उपदेशकानें येत्या रविवारीं उपासनेनंतर तीन वर्षांखालचीं लेंकरें ज्या घरीं आहेत तीं घरें, मग तीं आपल्या मंडळींतील असोत वा नसोत, मोजावीं. कोणती आजी, कोणती आत्या, कोणती बाळंतीण त्या तीन-चार आठवड्यांत घरीं राहणार आहे तें विचारावें. सांभाळणारीच्या घराजवळ पिण्याचें पाणी व सावली आहे कीं नाहीं तें पाहावें. क्षारसंजीवनीच्या पुड्या आशाताईकडून आणून ठेवाव्या. आणि आरोग्य केंद्रापर्यंत रात्रीं कोणाची दुचाकी मिळेल त्याचें नांव मंदिराच्या दारावर खडूनें लिहावें. सांभाळणारीचा वांटा किती, तें बायकांनींच आपसांत बसून ठरवावें. पुरुषांनीं त्या वेळीं लेंकरें घेऊन बाहेर बसावें.